मागं सरकवलेला कप

२०१९ च्या मार्चमध्ये एका माणसानं माझ्यापुढं ठेवलेला चहाचा कप मी मागं सरकवला होता. कप तरी केवढा, पूजेतल्या पळीपेक्षा जरा मोठा असेल नसेल. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं, असं बायको म्हणते आणि तिचं बरोबर आहे, पण अधनंमधनं रात्री झोप लागायच्या आधी तो कप येतोच डोळ्यापुढं, आणि त्याच्यावर टेकवलेलं माझं बोट.

आमचा धंदा फरशीचा. आण्णांनी शहाबादी आणि कडप्प्यापासून सुरू केलेलं दुकान, मग ग्रॅनाईट आलं, मग मार्बल आलं, आणि मग एक दिवस गिऱ्हाईक दारात गाडी लावतानाच 'नॅनो व्हाईट आहे का' विचारायला लागलं. तो माल, म्हणजे कारखान्यात बनवलेला पांढराशुभ्र दगड, तेव्हा चीनमधनं यायचा. म्हणून एका मित्राच्या ओळखीनं मी शियामेनच्या दगडाच्या प्रदर्शनाला गेलो, चार दिवस नुसता दगड बघितला, आणि प्रदर्शन संपल्यावर जवळच्या शुइतोउ गावात एका कारखानदाराच्या ऑफिसात जाऊन बसलो. शुइतोउ म्हणजे आपल्याकडं उसाच्या पट्ट्यात दोन्ही बाजूला ऊस असतो तसे तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूला स्लॅब उभे, संपतच नाहीत. ऑफिसात टेबल होतं ते एका अखंड काळ्या दगडाचं, मधोमध पाणी वाहून जायला खाच काढलेली, कडेला किटली, आणि एक मातीचा बेडूक, ज्याच्या अंगावर ते उरलेला चहा ओततात. लाओबान, म्हणजे मालक, पंचावन्नच्या आसपासचा, नखात आमच्या आण्णांसारखीच पांढरी पावडर बसलेली. कंटेनरच्या रेटवर गाडी अडली होती. तेव्हा त्यानं ड्रॉवर उघडला आणि पानमसाल्याच्या पुडीपेक्षा थोडी मोठी अशी एक सोनेरी पुडी काढली, मला दाखवली, दोन्ही हातांनी दाखवली. मग ती झाकणाच्या वाटीत उलटी केली, उकळतं पाणी घातलं, ते पहिलं पाणी सगळं कपांवरनं ओतून टाकलं, परत पाणी घातलं, आणि गडद तांबूस काहीतरी माझ्यापुढं ठेवलं. आमची दुभाषी मुलगी फोन घ्यायला खाली गेली होती, म्हणून तो आपल्या फोनमध्ये काहीतरी बोलला आणि फोन बाईच्या आवाजात इंग्रजीत म्हणाला, 'धिस इज बीफ.'

मी मित्राकडं बघितलं, मित्रानं माझ्याकडं. लाओबानला वाटलं असणार की आम्हाला त्या वस्तूची किंमत कळली नाही, तो परत फोनमध्ये बोलला आणि ती बाई परत म्हणाली, 'व्हेरी गुड बीफ. व्हेरी एक्सपेन्सिव्ह.'

माझ्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंड्याचा केकसुद्धा येत नाही. आणि समोरच्या कपातनं वास येत होता तो भाजल्यासारखा, खरपूस, धुरकट. माझी तर खात्रीच पटली की हे सूप आहे. मी दोन्ही हात जोडले, मान हलवली आणि एका बोटानं तो कप हळूच मागं सरकवला. तो काही बोलला नाही. त्यानं कप उचलला, बेडकाच्या अंगावर ओतला, वाटीतली पानं बाजूला काढून ठेवली आणि दुसरा चहा केला, हिरवा, फुलांच्या वासाचा, त्यांच्याच जिल्ह्यातल्या आनशीचा थ्येग्वानयिन. तो मी तीन कप प्यायलो आणि 'गुड, गुड' पण म्हणालो. रेट मात्र उतरला नाही.

परतीच्या गाडीत ही गोष्ट त्या दुभाषी मुलीला सांगितली तर ती इतकी हसली की ड्रायव्हरनं आरशातनं मागं बघितलं, आणि मग हसता हसता एकदम गप्प झाली. म्हणाली, तो चहा होता. न्यूरोउ. न्यूरोउ म्हणजे गायीबैलाचं मांसच, फोनची काही चूक नाही, पण चहावाल्यांच्या तोंडी ते एका चहाचं लाडाचं नाव आहे. वुयीच्या डोंगरात न्यूलानखंग नावाची एक घळ आहे, आणि तिथं रोउग्वेइ जातीची चहाची झुडपं आहेत. रोउग्वेइ म्हणजे दालचिनी. घळीच्या नावातला पहिला शब्द आणि झुडपाच्या नावातला पहिला शब्द, झालं न्यूरोउ. माथोउयेन नावाच्या, म्हणजे घोड्याच्या तोंडासारख्या कड्याजवळचा जो रोउग्वेइ, त्याला मारोउ म्हणतात, म्हणजे घोड्याचं मांस. आपण नाही का एफसी रोड म्हणतो, आणि बाहेरगावचा माणूस फर्ग्युसन शोधत फिरतो. मग तिनं त्या पुडीची किंमत सांगितली. आठ ग्रॅमची पुडी. ती किंमत मी इथं लिहीत नाही, कारण त्या घळीच्या नावावर बाजारात वाट्टेल ते भाव चालतात आणि खरं काय ते कुणीच छातीवर हात ठेवून सांगत नाही, पण तेवढ्या पैशात आमच्या दुकानातल्या हमालाचे दोन-तीन दिवस निघाले असते. आणि तो माणूस ते धंद्यासाठी पाजत नव्हता, ती म्हणाली. धंद्यासाठी थ्येग्वानयिन असतो.

हे शेवटचं वाक्य लागलं मला.

घरी आल्यावर हा किस्सा मी पंचवीस ठिकाणी सांगितला असेल, विनोद म्हणूनच. पण सांगताना दरवेळी त्या बेडकापाशी आवाज जरा खाली यायचा. मग वाचायला लागलो. वुयीच्या या चहाला येनछा म्हणतात, म्हणजे खडकाचा चहा, ही ऊलाँगमधली, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकारातली, एक वेगळीच जात, आणि त्याच्या चवीत खडक असतो असं तिकडचे लोक चारशे वेळा सांगतात. 'खडकाचं हाड आणि फुलाचा वास' असं त्यांचं एक वर्णन आहे. येनयुन नावाचा एक शब्द आहे, खडकाचा सूर किंवा खडकाची लय म्हणा, आणि तो नक्की काय हे विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. आता मी जन्मापासून दगडात. मी म्हटलं, दगडाला चव असते का? असली तर ती मला कळायला पाहिजे, बाकी कुणाला कळो ना कळो.

तशी दगडाची चव सगळ्यांनीच घेतलेली असते, फक्त मोठेपणी सांगत नाही कुणी. पाटीवरची पेन्सिल मी दुसरीपर्यंत खायचो. थंड, पिठूळ, आणि जिभेला जरा ओढणारी. आई ओरडायची. आज्जीच्या पाट्यावर वाटलेली जवसाची चटणी आणि मिक्सरमधली चटणी यात फरक आहे हे मानणारे आपल्याकडं अजून कितीतरी आहेत, आता तो फरक दगडाचा की मिक्सरमध्ये तापल्यामुळं, ते सोडा. आण्णा स्लॅब बघताना अंगठ्याला थुंकी लावून दगडावर घासतात, पॉलिश केल्यावर रंग कसा उघडेल ते त्याच्यावरनं सांगतात, आणि लहानपणी मला वाटायचं की ते थोडं चाखून पण बघत असणार. दुकानाच्या मागं उन्हाळ्यात तापलेल्या कडप्प्याच्या थप्पीवर बादलीनं पाणी मारलं की जो वास उठायचा तो घेण्यासाठी मी उगाच बादल्या मारायचो. माठातलं पाणी, आडातलं पाणी, आमच्याकडचं बोअरचं जड पाणी, ज्यात डाळ शिजत नाही, हे सगळं शेवटी दगडच की.

आणि मग त्या लू यूची गोष्ट सापडली. आठव्या शतकातला माणूस, चहावर लिहिणारा पहिला मोठा माणूस. तो म्हणतो की सगळ्यात चांगला चहा कुजलेल्या दगडात येतो. कुजलेला दगड! इंग्रजीत वाचताना ते कवितेतलं काहीतरी वाटतं, पण आपल्याकडं त्याला साधा शब्द आहे, मुरूम. सतराशे साठ ट्रॉल्या मुरूम टाकलाय आम्ही गोडाऊनच्या रस्त्यावर. पाणी धरून न ठेवणारा, मुळांना दमवणारा, अर्धा दगड आणि अर्धी माती. कोकणातला माणूस कातळाला सुरुंग लावून खड्डा करतो, त्यात लांबनं आणलेली माती भरून हापूस लावतो, आणि वर ठासून सांगतो की कातळावरच्या आंब्याची गोष्टच वेगळी. तिथं आपण मान डोलावतो. मग वुयीवाल्यानं तेच म्हटलं की लगेच त्याला मार्केटिंग का म्हणायचं?

पुण्यात एका दुकानात ऊलाँग लिहिलेला डबा मिळाला, तो आणला. करपलेल्या पापडाचं पाणी. आण्णा म्हणाले, पोट साफ व्हायला चांगलं असेल. मला बरं वाटलं ते नंतर, जेव्हा कळलं की युआन मेई नावाचा अठराव्या शतकातला कवी, खाण्यापिण्यातला मोठा दर्दी, तोसुद्धा आधी वुयीचा चहा नको म्हणायचा, कारण तो औषध प्यायल्यासारखा कडू लागतो. मग १७८६ च्या शरद ऋतूत तो त्या डोंगरावर गेला, तिथल्या साधूंनी अक्रोडाएवढ्या कपात आणि महाळुंगाएवढ्या किटलीतनं त्याला पाजला, आणि गडी फिरला. म्हणजे वुयीचा चहा नको म्हणणारा मी काही पहिला नव्हतो. हे सगळं वाचताना असंही लक्षात आलं की आपण ज्याला चहा म्हणतो तो शब्द तिकडचाच, छा, आणि इंग्रजांचा टी निघाला तो त्या शियामेनकडच्या बोलीतल्या 'ते' या शब्दावरनं, जिथं मी कप मागं सरकवून आलो. इंग्रजांनी पुढं १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्युन नावाच्या माणसाला डोक्याचा चमनगोटा करून, खोटी वेणी लावून, चिनी वेषात त्या वुयीत पाठवलं, आणि चिनी झाडं न् बिया हिमालयातल्या मळ्यांपर्यंत पोचवल्या. फॉर्च्युन तिथं वेष बदलून प्यायला, मी उघड्या तोंडानं जाऊन नाही प्यायलो.

मध्ये दोन-तीन वर्षं कोविडमध्ये गेली. धंदा बसला, उठला. परत चीनला जायचा योग आला तो २०२४ च्या मे महिन्यात, थेट विमान नव्हतंच, बँकॉकवरनं गेलो. यावेळी मित्राला म्हटलं, मी दोन दिवस आधी जातो. कुठं, तर चहा प्यायला. तो म्हणाला, तुझं डोकं ठिकाणावर आहे का. शियामेनहून रेल्वेनं तीनेक तासात वुयीशानला पोचलो.

तिथं सगळी गर्दी असते ती दाहोंगपाओ या तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या चहाच्या सहा मूळ झुडपांपुढं. कड्याच्या मधोमध दगडी कठडा बांधून ठेवलेली सहा झुडपं, शेजारी खडकात लाल रंगानं कोरलेलं नाव. गोष्टी तर खूप. १९७२ मध्ये माओनं निक्सनला यातला २०० ग्रॅम चहा दिला, निक्सनला ते कंजूषपणाचं वाटलं, मग पंतप्रधान चाऊ एन लायनं त्याला सांगितलं की अहो अर्धं राज्य दिलंय तुम्हाला, वर्षाला निघतोच ४०० ग्रॅम, अशी गोष्ट गाईड रंगवून सांगतात. २००२ मध्ये ग्वांगझौच्या लिलावात २० ग्रॅम १,८०,००० युआनला गेला. २००६ पासून त्या झुडपांना हात लावायचा नाही असं ठरलं, आणि आदल्या वर्षी खुडलेल्या शेवटच्या चहातला २० ग्रॅम २००७ पासून बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय. ऐकायला भारी आहे सगळं. पण खरं सांगू का, मला काही झालं नाही. काचेतल्या दागिन्यासारखं वाटलं. समोरच्या टपरीवर चहात उकडलेली अंडी विकत होते आणि निम्मी गर्दी झुडपांकडं पाठ करून अंडी सोलत होती. माणसाची जात सगळीकडं एकच.

घळ मात्र वेगळी.

न्यूलानखंग ही काही फार मोठी जागा नाही, रमतगमत चाललं तरी तासाभरात संपते. शिवथरघळीला ज्यांनी पावसाळ्यानंतर बघितलंय त्यांना कळेल, कड्यांच्या मध्ये शिरलं की आवाज बदलतो, आपला आपल्याला वेगळा ऐकू येतो. दोन्ही बाजूला तांबूस काळे कडे, पाणी झिरपून झिरपून त्यांच्यावर उभ्या काळ्या रेघा पडलेल्या, शेवाळ, नेचे, आणि तळाला एक बारका ओढा. कड्यावर भलंमोठं एक अक्षर कोरलंय, शौ, म्हणजे दीर्घायुष्य. ऊन आत येतं ते पाहुण्यासारखं, थोडा वेळ, तेही कडेकडेनं. आणि त्या चिंचोळ्या तळात, आपल्याकडं डोंगरात ताली घालतात तशा दगडाच्या ताली, सिमेंटचा थेंब नाही, नुसता दगडावर दगड रचलेला, आणि त्या तालींच्या मागं मुरमाड तांबड्या मातीत ती झुडपं. मी चहाकडं बघायच्या आधी त्या रचाईकडंच बघत बसलो. सांध्यात बोट घालून बघितलं. आमच्याकडचे जुने वडार असं रचायचे, आता ती माणसंच राहिली नाहीत.

तोडणीचे शेवटचे दिवस चालले होते. बायका पानं तोडत होत्या, आणि आपल्या आसामसारखी दोन पानं-एक कळी असं नाही तर चांगली उमललेली, जून व्हायला आलेली पानं, तीन-चार एकदम. पुरुष कावडीनं टोपल्या वाहत होते. कावड हा शब्द माझ्या तोंडातनं मोठ्यानंच गेला, शिंगणापूरची कावड बघितलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. घामानं निथळलेला एक म्हातारा त्या दगडी पायऱ्यांवरनं असा जात होता की टोपली झुलत नव्हती, जणू तीच त्याला घेऊन चालली होती. वर्षातनं हे एकदाच, वसंतात. मग उन्हात थोडी कोमेजवायची, मग रात्रभर बांबूच्या सुपात पाखडल्यासारखी हलवायची, ठेवायची, परत हलवायची, म्हणजे पानांच्या कडा एकमेकांवर आपटून दुखावतात आणि तांबड्या होतात, मधला भाग हिरवाच राहतो. हिरव्या पानाला तांबडे काठ, असंच म्हणतात ते, आणि मला लगेच आईची एक जुनी इरकल आठवली. काठ किती तांबडे होऊ द्यायचे, तिथं सगळी कला. तिथनं भट्टी, वळणं, वाळवणं. आणि नंतर उन्हाळ्यात भाजणं, ते पण जाळावर नाही तर निखाऱ्यावर राख पसरून, वर बांबूची टोपली ठेवून, तासन्‌तास. बाळंतिणीच्या शेगडीसारखी मंद धग. एकदा भाजून महिना-महिना ठेवायचा, परत भाजायचा. ताज्या भाजलेल्या चहात आग असते म्हणतात, ती निवायला लागते, म्हणून मे महिन्यात तोडलेला चहा दिवाळीच्या सुमाराला कुठं पिण्यासारखा होतो, जाणकार तर पुढच्या वर्षापर्यंत थांबतात. माझ्या हातात तिथं आला तो अर्थातच आदल्या वर्षीचा.

घळीच्या बाहेर एका चहावाल्याच्या घरी बसलो. बाई होती करणारी, माझ्याच वयाची, हाताला भाजल्याच्या जुन्या खुणा. आठ ग्रॅम पान, शंभर-सव्वाशे मिलीची झाकणाची वाटी, गायवान म्हणतात तिला, आणि सळसळतं पाणी. आपण चहा उकळतो, हे लोक पाणी ओततात आणि जवळजवळ लगेच उपसतात, पाच-सात सेकंद. आधी तिनं मला झाकण दिलं. प्यायचं नाही, नुसतं हुंगायचं. दालचिनी होती, पण मसाल्याच्या डब्यातली कोरडी नव्हे, झाडाची ओली साल नखानं खरवडली तर येईल तशी, आणि तिच्यामागं विझलेल्या चुलीचा वास. मग कप. पहिला घोट मला नाही आवडला. खोटं कशाला बोलू. कडक, तिखटसर, टाळूला चिकटणारा, थेट युआन मेईचं औषध. दुसऱ्या पाण्याला तो धूर मागं सरला आणि पिकलेल्या पीचसारखं काहीतरी पुढं आलं. तिसऱ्याला फूल आलं, कुठलं ते सांगता येणार नाही, मी सोनचाफा म्हणणार होतो पण सोनचाफा एवढा लाजरा नसतो. आणि मग चौथ्या का पाचव्या पाण्याला, बोलत बोलत, लक्ष नसताना, घशात काहीतरी झालं. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जे होतं ते. कडू गेल्यावर मागनं गोड येतं, आणि ते जिभेवर नाही, घशाच्या आत, खाली. ते लोक याला हुइगान म्हणतात, परत येणारा गोडवा. आपल्याकडं त्याला वेगळा शब्द नाही, पण शाळेच्या बाहेर मीठ लावलेला आवळा खाऊन नळाला तोंड लावलेल्या प्रत्येक पोराला तो माहितीय.

आणि दगड? दगड लागला का?

मी तिथं डोळे मिटून बसलो होतो, जसं काही परीक्षाच चालू आहे. कधी वाटलं लागला, त्या तापलेल्या कडप्प्यावर पाणी मारल्यासारखा, फूल आणि गोडवा दोन्ही निघून गेल्यावर तोंडात जे नुसतं गार, ताठ असं उरतं ते. कधी वाटलं की मी त्या घळीतनं आत्ताच आलोय, बोटं तालीच्या सांध्यात घालून आलोय, मला लागणारच. माहिती असलेली चव कुठं संपते आणि लागलेली कुठं सुरू होते ते कळेना. शिवाय धंदेवाला माणूस आहे मी, घळ केवढी आणि जगात तिच्या नावानं चहा किती विकला जातो याचं गणित मनात चालूच होतं. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरलेला आपण काय बघितला नाही का. बाईनं पण स्वच्छ सांगितलं की मी पीत होतो तो घळीतला नव्हता, शेजारच्या डोंगराचा होता. घळीतला तिच्याकडं थोडासा होता, तो विकायचा नव्हता. सातव्या पाण्यानंतर तिनं माझा रिकामा कप परत माझ्याच नाकाशी धरायला लावला. गुऱ्हाळ! काहिलीतनं काकवी उतरवताना चुलवाणाच्या कडेला उभं राहिल्यासारखं. चहा संपून दहा मिनिटं झाली होती, कप थंड झाला होता, आणि सगळ्यात गोड वास त्या थंड, रिकाम्या कपात होता.

शुइतोउला दोन दिवसांनी गेलो. लाओबानचं वय झालेलं दिसत होतं, कारखाना निम्मा बंद होता, पोरगा आता दुसऱ्या कसल्यातरी धंद्यात. मला वाटलं हा विसरला असेल, वर्षाला शंभर इंडियन बघणारा माणूस. पण मी दारात दिसल्याबरोबर त्यानं दोन्ही बोटं कपाळाला लावून शिंगं केली आणि ओरडला, न्यूरोउ! ऑफिसातली सगळी माणसं हसली, म्हणजे हा किस्सा त्यानंही पंचवीस ठिकाणी सांगितला होता. यावेळी फोन त्यानं खिशातनं काढलाच नाही. ड्रॉवर, सोनेरी पुडी, उकळतं पाणी. मी टेबलावर दोन बोटांनी टकटक केली, ती त्यांची आभार मानायची पद्धत, त्या चहावालीकडनं शिकून आलो होतो. त्याच्या भुवया वर गेल्या. तासभर बसलो असू, सात-आठ पाणी झालं. तो चहा वुयीतल्यापेक्षा चांगला होता का? मवाळ होता. अंगावर येत नव्हता. दालचिनी तर होतीच, पण ती ओरडून सांगत नव्हती, आणि घशातला तो गारवा पहिल्याच कपापासून होता. घळीतला खरंच होता का ते मी विचारलं नाही आणि विचारणार कुठल्या तोंडानं. एक कप त्यानं बेडकावर ओतला, तो बेडूक पाच वर्षांत चांगला तेलकट तांबूस झाला होता, त्या रंगात कुठंतरी माझाही एक कप होता. निघताना दोन पुड्या त्यानं माझ्या शर्टाच्या खिशात कोंबल्या. रेटचं बोलणं झालंच नाही, कारण घ्यायचं काही नव्हतं, नॅनो व्हाईट आता इकडंही बनायला लागलाय.

एक पुडी मी अजून ठेवलीय. दुसरी अकलूजला नेली, आण्णांसाठी. आण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुळाचा चहा, तोही म्हशीच्या दुधाचा, बशीतनं. बोअरचं पाणी चालणार नाही म्हणून बाटलीचं पाणी उकळलं, त्यावरनं आधी आईशी वाद झाला. ओसरीवर शहाबादी फरशीवरच मांडामांड केली. पहिलं पाणी मी फरशीवर ओतलं तर आण्णा म्हणाले, सांडतोस काय, उग्गं. मग पहिला कप त्यांनी एका घोटात संपवला आणि म्हणाले, काढा आहे. दुसऱ्यालाही काढाच. तिसऱ्या वेळी काही म्हणाले नाहीत. चौथ्यानंतर ते बराच वेळ जीभ तोंडातल्या तोंडात फिरवत बसले, स्लॅब बघताना बसतात तसे, नजर कुठंच नाही. मग म्हणाले, 'नाव काय म्हणालास ह्याचं?'

मी नाव सांगितलंच नव्हतं. डोक्यात ती फोनमधली बाई बोलायला लागली. आण्णांच्या गळ्यातली माळ माझ्या माळेपेक्षा पन्नास वर्षं जुनी. मी जरा थांबलो आणि मग पूर्ण नावच सांगितलं, एकेका शब्दाचं, 'गोठ्याच्या घळीतली दालचिनी.'

'गोठ्याच्या?'

'हो.'

'गोठ्यातली म्हणतोस,' आण्णा म्हणाले आणि रिकामा कप एका बोटानं माझ्याकडं सरकवला, 'आणि दूध नाही व्हय रं त्यात?'